प्रॉमिस अकॅडमी (हार्लेम)

प्रॉमिस अकॅडमी ही अमेरिकेतील न्यू यॉर्क शहराच्या हार्लेम भागातील चार्टर शाळा आहे. चार्टर शाळा शासकीय निधीवर चालतात व शुल्क आकारत नाहीत. मात्र त्यांचे व्यवस्थापन स्वतंत्र असते. जेफ्री कॅनडा यांच्या हार्लेम चिल्ड्रन्स झोन या संस्थेने ही शाळा २००४ साली सुरू केली. येथील प्रवेश सोडतीने दिले जातात.

अडचणी

शाळेचा आरंभ बालवर्ग व सहावी या इयत्तांपासून झाला. सहावीत आलेले अनेक विद्यार्थी वाचन व गणितात बरेच मागे होते. अध्यापनाचे तास वाढवूनही त्यांचे सुरुवातीचे निकाल असमाधानकारक राहिले. २००७ साली ही तुकडी आठवी उत्तीर्ण झाली, तेव्हा नियोजित नववीचा वर्ग उघडला गेला नाही. त्या विद्यार्थ्यांना अन्य शाळांत जावे लागले.

शैक्षणिक कामगिरी

अर्थशास्त्रज्ञ विल डॉबी व रोलंड फ्रायर यांनी सोडतीत निवडल्या गेलेल्या व न गेलेल्या मुलांची तुलना केली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, सहावी ते आठवीच्या टप्प्यात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची गणितातील प्रगती श्वेतवर्णीयांशी असलेली तफावत भरून काढण्याइतकी होती. संस्थेच्या सामाजिक सेवांपेक्षा शाळेची गुणवत्ताच यास कारणीभूत असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला.