रॉजर शर्मन : न्यू हेवनचे पहिले महापौर

१७८४ च्या जानेवारीत अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या विधिमंडळाने न्यू हेवन या बंदराच्या गावाला शहराची सनद दिली आणि फेब्रुवारीत तेथील मतदारांनी आपला पहिला महापौर निवडला. त्यांचे नाव रॉजर शर्मन, वय ६२. ‘महापौर’ म्हटले की आज डोळ्यांपुढे महानगरपालिका उभी राहते. १७९० च्या पहिल्या जनगणनेत मात्र या शहराची वस्ती साडेचार हजारांच्या आसपास भरली.

शर्मन हे मूळचे मॅसॅच्युसेट्सचे, पेशाने चांभार. १७४१ मध्ये वडील वारले आणि दोन वर्षांनी ते कनेक्टिकटमधील न्यू मिलफर्डला येऊन स्थायिक झाले. महाविद्यालयाची पायरी न चढता ते जमीन मोजणी शिकले, पंचांगे छापू लागले आणि १७५४ मध्ये वकील झाले. १७६१ मध्ये त्यांनी न्यू हेवनला दुकान मांडले. पुढे येल महाविद्यालयाची तिजोरी दहा वर्षांहून अधिक काळ त्यांच्या हाती होती.

याच दुकानदारीने त्यांना कागदी चलनाचा कायमचा तिटकारा दिला. शेजारच्या वसाहती नोटा छापत, त्यांची किंमत घसरत जाई आणि उधारीवर माल दिलेल्या दुकानदाराला हलक्या नोटांत पैसे घ्यावे लागत. १७५२ मध्ये त्यांनी टोपणनावाने या अन्यायाविरुद्ध पुस्तिका लिहिली. पस्तीस वर्षांनी फिलाडेल्फियाच्या राज्यघटना परिषदेत राज्यांना नोटा काढण्यास आणि सोन्याचांदीखेरीज इतर काहीही कायदेशीर चलन ठरवण्यास बंदी घालावी, अशी सूचना जेम्स विल्सन यांच्यासह शर्मन यांनीच मांडली. राज्यघटनेतील त्या कलमाचे मूळ एका गल्ल्यापाशी आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पण १७८४ मधल्या शहरापुढचा प्रश्न पैशाहून अवघड होता. ५ जुलै १७७९ रोजी ब्रिटिश फौजेने न्यू हेवनमध्ये उतरून लूट केली होती. येलचे माजी अध्यक्ष नॅफ्टाली डॅगेट बंदूक घेऊन आडवे गेले तेव्हा त्यांना पकडून बेदम मारण्यात आले. पुढच्याच वर्षी ते वारले. अशा गावात युद्धकाळात इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहिलेले, म्हणजे ‘टोरी’, अनेक होते. काही गाव सोडून गेले होते, काही तोंड मिटून तिथेच राहिले होते. येलचे तत्कालीन अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनी या निवडणुकीच्या सुमारास रोजनिशीत शहराचा हिशेब मांडला आहे : साधारण एक तृतीयांश टोरी, एक तृतीयांश स्वातंत्र्यवादी, उरलेले उदासीन. महापौरपदी स्वातंत्र्यवादी शर्मन आले खरे, पण आल्डरमनांत टोरीही निवडून आले.

त्याच जानेवारीत शर्मन अनॅपोलिसच्या काँग्रेसमध्ये बसून ब्रिटनशी झालेल्या शांततेच्या तहाला मंजुरी देत होते. युद्धात घेतलेल्या बाजूबद्दल यापुढे कोणावर खटला भरू नये, असे त्या तहात म्हटले होते. दूरच्या सभागृहात असे कलम मंजूर करणे सोपे. ज्याचे घर लुटले गेले त्याच्या शेजारी ते पाळायचे, हे अवघड. तरीही मार्चमध्ये न्यू हेवनच्या नगरसभेने गाव सोडून गेलेल्या टोरींना परत घेण्याच्या बाजूने कौल दिला. यात औदार्य किती आणि बंदराच्या व्यापाराला भांडवल हवे होते हा हिशेब किती, हे वेगळे काढता येत नाही. बहुधा दुसऱ्याचे पारडे जड असावे.

महापौरपद शोभेचे नव्हते. महापौर आणि दोन ज्येष्ठ आल्डरमन मिळून शहराचे न्यायालय चालवीत. म्हणजे कालचे शत्रू आज एकमेकांवर पैशांचे दावे लावणार आणि निवाडा शर्मन यांच्यासमोर होणार. शिवाय सनदेनुसार एकदा निवडलेला महापौर विधिमंडळाची मर्जी असेपर्यंत पदावर राहत असे. दरवर्षी मते मागण्याची गरज नव्हती. शर्मन त्याच वेळी राज्याच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीशही होते. १७८७ मध्ये त्यांनी राज्यघटनेवर सही केली, १७८९ मध्ये ते प्रतिनिधीगृहात आणि १७९१ मध्ये सिनेटमध्ये गेले. महापौरपद मात्र सुटले नाही. आज हे विचित्र वाटेल. कनेक्टिकटच्या तेव्हाच्या राजकारणात अनेक पदे एका हाती असणे नित्याचे होते.

त्याच हिवाळ्यातील त्यांचे आणखी एक काम फारसे सांगितले जात नाही. शर्मन आणि न्यू लंडनचे रिचर्ड लॉ या दोघांनी राज्याच्या सर्व कायद्यांची फेरमांडणी केली होती. लॉ हेही त्याच वर्षी आपल्या शहराचे पहिले महापौर झाले. या नव्या संहितेत एक तरतूद आली : १ मार्च १७८४ नंतर गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मलेले मूल पंचविसाव्या वर्षी मुक्त होईल. आई गुलामच राहणार होती आणि त्या तारखेआधी जन्मलेली भावंडेही. या तरतुदीने मुक्त होणाऱ्या पहिल्या मुलालाही स्वातंत्र्यासाठी १८०९ पर्यंत थांबणे भाग होते. ज्यांच्यासाठी हा कायदा होता, त्यांना त्यावर मत देण्याचा अधिकार नव्हता.

२३ जुलै १७९३ रोजी शर्मन वारले, तेव्हा ते सिनेटरही होते आणि महापौरही. त्यांच्या जागी सॅम्युअल बिशप आले. १८०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांनी एलिझर गुडरिच यांना हटवून सत्तरी ओलांडलेल्या बिशप यांना बंदराचे जकात अधिकारी नेमले, तेव्हा न्यू हेवनच्या व्यापाऱ्यांनी निषेधाचा अर्ज धाडला. शहराने ज्यांना महापौर म्हणून स्वीकारले ते जकातीला नालायक कसे, असा जेफर्सन यांच्या उत्तराचा रोख होता. १८०३ मध्ये बिशप वारले आणि महापौरपदावर आले ते हटवलेले गुडरिच. ते १८२२ पर्यंत त्या पदावर राहिले.