खानदेशातील हौशी रंगभूमी: व्रत, वृत्ती आणि सभासदत्व

१९४४ साली धुळे येथे मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच्या अध्यक्षस्थानी भार्गवराम विठ्ठल तथा मामा वरेरकर होते. ज्यांनी आयुष्याचा सर्वोत्तम भाग रंगभूमीसाठी वेचला, अशा लेखकाला पश्चिम खानदेशच्या मुख्य ठाण्यात हा मान मिळावा, ही घटना सहज ओलांडून जाण्यासारखी नाही. बेचाळीसच्या चळवळीचा वणवा या जिल्ह्यात तेव्हा विझलेला नव्हता. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात बळी पडले होते. संमेलनाच्याच वर्षी १४ एप्रिलला चिमठाणे येथे सरकारी खजिना लुटला गेला. दुसरीकडे ज्या धंदेवाईक नाटक मंडळ्यांवर वरेरकरांची पिढी वाढली, त्या बहुतेक मोडल्या होत्या. नाटककाराचा गौरव होत होता, पण त्याचे नाटक गावोगावी नेणारी व्यवस्था उरली नव्हती. मग नाटक करायचे कोणी, आणि कोणत्या बळावर? खानदेशच्या नाट्येतिहासाचा विचार या प्रश्नापासून सुरू करणे सोयीचे आहे.

मराठी रंगभूमीचा इतिहास सामान्यतः मंडळ्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. किर्लोस्कर, महाराष्ट्र, ललितकलादर्श, गंधर्व, बळवंत ही नावे त्यात ओळीने येतात. त्यांपैकी एकीचाही जन्म खानदेशात झाला नाही. त्यामुळे या इतिहासात खानदेशाला प्रेक्षकाची जागा मिळते, कर्त्याची मिळत नाही. ही वाटणी अपुरी आहे. कर्ता कोण हे ठरवताना मंडळीचे नाव हा एकच निकष धरला, तर रंगकार्यात लोक कोणत्या नात्याने सामील होतात, हा महत्त्वाचा प्रश्न दृष्टीआड होतो. खानदेशात हे नाते तीन प्रकारचे दिसते. कोणी व्रत म्हणून सामील होतो, कोणी वृत्ती म्हणून, तर कोणी सभासद म्हणून. यांपैकी तिसरे नाते सर्वांत अलीकडचे, आणि हौशी रंगभूमी त्यावरच उभी आहे.

पहिले नाते व्रताचे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खानदेशात कानबाईची स्थापना होते. नारळाला देवीचे रूप देऊन ते सजवतात, रोटांचा नैवेद्य करतात, रात्र गाण्यांनी जागवतात आणि सोमवारी विसर्जन होते. ही गाणी अहिराणीत असतात, आणि ती म्हणण्यासाठी कोणाला निवडले जात नाही. घरात कानबाई बसली की सारे भाऊबंद आपोआप त्यात ओढले जातात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात व शेवटी झाकलेला खाऊ ओळखतात. तिथेही गाणारी आणि ऐकणारी असा भेद राहत नाही. सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील होळीत हे नाते अधिक कठोर होते. नवस बोललेले भिल्ल तरुण काही दिवस कडक पथ्य पाळतात. अंगावर राखेचे पट्टे, डोक्यावर मोरपिसांचा टोप आणि कमरेला घुंगरू किंवा वाळलेले भोपळे बांधून ते रात्रभर नाचतात. येथे वेषभूषा आहे, ठेका आहे, सोंग आहे. म्हणजे नाट्याची बहुतेक अंगे आहेत. परंतु त्यांचा आधार नवस हा आहे. अंगावर घेतलेली भूमिका मध्येच टाकून देता येत नाही. हे बंधनच त्या प्रयोगाला वर्षानुवर्षे टिकवते.

दुसरे नाते वृत्तीचे, म्हणजे पोटापाण्याचे. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते. घोड्यांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे, आणि तमाशाच्या फडांसाठीही. गण, गौळण, बतावणी आणि वग या क्रमाने रात्रभर चालणारा हा खेळ करणारे कलावंत बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतून आले. कसब घराण्यातून येत असे, आणि फडमालकाशी असलेला व्यवहार उचल व बिदागीचा होता. खानदेशात या परंपरेने भिका-भीमा सांगवीकरांसारखी नावे लोकप्रिय केली. सोंगाड्याची हजरजबाबी बोली आणि वगातील उत्स्फूर्त संवाद ही तमाशाची खरी मिळकत होती. पण ज्या गावकऱ्यांनी फडाला रात्रभर गर्दी केली, त्यांनी फडात उभ्या राहणाऱ्याला दिवसा पंक्तीत बसवले नाही. या नात्याने कला टिकवली, कलावंताची प्रतिष्ठा मात्र टिकवली नाही.

तिसऱ्या नात्याची पूर्वतयारी धंदेवाईक संगीत नाटकाने केली. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात कापसाचे भाव चढले आणि खानदेशातील बाजारपेठांत पैसा आला. भुसावळ व जळगाव ही गावे रेल्वेच्या मुख्य मार्गावर आली. १९०० साली चाळीसगाव-धुळे हा फाटा सुरू झाला. पडदे, पेट्या आणि पन्नास-साठ माणसांचा संसार घेऊन फिरणाऱ्या मंडळीला रेल्वे आणि रोकड या दोन्ही गोष्टी लागत, आणि त्या येथे होत्या. कलावंतांची ये-जा मात्र एकाच दिशेने नव्हती. नारायण श्रीपाद राजहंस यांचे बालपणीचे काही दिवस जळगावात नातलगांकडे गेले, आणि तेथेच मेहबूब खाँ यांच्याकडे त्यांच्या गळ्याला पहिले वळण लागले. हेच पुढे बालगंधर्व झाले आणि १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. गावातील गुणी मुलगा ओळखावा, त्याला गाणे शिकवावे, आणि तो पुण्या-मुंबईकडे निघून जावा, हा क्रम जळगावने लवकर अनुभवला. मंडळी गावाला दोन रात्रींचा आनंद देई. गाव तिला एखादे आयुष्य देई.

बोलपटाने ही देवघेव संपवली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटानंतर काही वर्षांतच मोठ्या मंडळ्या एकामागून एक बंद पडल्या. १९३७ साली ललितकलादर्शही थांबली. याच सुमारास, १ जुलै १९३३ रोजी, नाट्यमन्वंतराने मुंबईत ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, पदांची संख्या आटोपशीर ठेवली आणि दृश्यरचना साधी केली. नाट्यमन्वंतर फार काळ चालले नाही. तरी जिल्ह्याच्या गावांना त्याने एक गोष्ट दाखवून दिली. मखमली पडदे व तीस पदे यांवाचूनही नाटक होऊ शकते, तर ते वकील, शिक्षक आणि कारकून यांनाही करता येईल.

असे काही उभे राहण्यास धुळ्याची भूमी अनुकूल होती. त्याचे कारण रंगभूमीच्या बाहेर शोधावे लागते. शंकर श्रीकृष्ण देव यांच्या पुढाकाराने १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा स्थापन झाली आणि समर्थवाङ्मयाच्या संशोधनाचे केंद्र धुळे बनले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य राजवाडे यांचे धुळ्यातच निधन झाले, आणि लगोलग १९२७ साली त्यांच्या नावे संशोधन मंडळ उभे राहिले. या संस्थांचे प्राण सरकारी अनुदानात नव्हते. कोणी बाडे गोळा करी, कोणी नकला उतरी, कोणी वर्गणी मागे, कोणी जागा देई. संध्याकाळचे दोन तास एखाद्या बिनपगारी कामाला द्यावेत, हिशेबाची वही ठेवावी, मतभेद सभेत मांडावेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला यावे, ही सवय शहराच्या सुशिक्षित वर्गाला लागली. हौशी नाटकाला अभिनयाच्या आधी हीच सवय लागते. धुळ्यात नाटककार अध्यक्ष असलेले संमेलन भरू शकले, त्यामागे मंडळ चालवण्याची ही पन्नास वर्षांची तालीम होती.

या संमेलनास वरेरकर अध्यक्ष लाभावेत, यातही एक औचित्य होते. मालवणात लहानपणी पाहिलेल्या दशावतारी खेळांतून त्यांची नाट्यदृष्टी उगवली. डाकखात्यात नोकरी करीत त्यांनी लेखन केले. ‘हाच मुलाचा बाप’ मध्ये हुंडा आणि ‘सोन्याचा कळस’ मध्ये गिरणी कामगार त्यांनी रंगभूमीवर आणला. व्रताच्या नात्याने होणारे नाट्य त्यांनी पाहिले होते, वृत्तीच्या नात्याने चालणाऱ्या मंडळ्यांना नाटके दिली होती, आणि आता सभासदांच्या रंगभूमीचा उदय ते पाहत होते. जळगावात खानदेश मिल व अमळनेरात प्रताप मिल चालत असलेल्या या प्रदेशाला त्यांचा गिरणी कामगार परका नव्हता.

१९५४ पासून मुंबई राज्य शासनाने हौशी नाट्यस्पर्धा सुरू केली, आणि सभासदत्वाच्या नात्याला प्रथमच राज्यव्यापी चौकट मिळाली. पुढे जळगाव हे तिच्या प्राथमिक फेरीचे एक केंद्र झाले. स्पर्धेने ठरलेली तारीख दिली, परीक्षक दिले, खर्चाचा काही भाग दिला. शिक्षकाला व कारकुनाला ‘आम्ही नाटकाला चाललो’ हे घरात ताठ मानेने सांगता येऊ लागले, आणि हे परीक्षकांच्या गुणांहून मोठे देणे होते. गृहस्थ घरातील मुलीने रंगमंचावर जाणे धंदेवाईक मंडळीच्या काळात जवळजवळ अशक्य होते. मंडळाच्या तालमीत शेजारचे मास्तर आणि ओळखीचे वकील असतात, या भरवशावर ते शक्य झाले. अमळनेरला १९४५ साली प्रताप महाविद्यालय निघाले, १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याच्या ‘युवारंग’ महोत्सवातून एकांकिका, मूकनाट्य, विडंबन ही दारे तालुक्याच्या विद्यार्थ्यांना उघडली.

परंतु या नात्याच्या दोन उणिवा दुर्लक्षिता येत नाहीत. पहिली चिकाटीची. काठीचा नवस करणारा पुढच्या वर्षीही येतो, कारण तो बांधलेला असतो. फडातला ढोलकीवाला येतो, कारण त्याची चूल त्यावर पेटते. मंडळाच्या सभासदाला बांधून ठेवणारे असे काही नसते. बदली झाली, लग्न झाले, दिग्दर्शकाशी खटका उडाला की तो जातो. चार माणसे गेली की मंडळ जाते. स्पर्धेनेही या दोषाला हातभार लावला. पाच आठवडे तालीम, एक प्रयोग, निकाल, आणि मग वर्षभर शांतता, असा क्रम पडला. प्रेक्षकांसाठी दुसरा प्रयोग करण्याची निकड उरली नाही.

दुसरी उणीव भाषेची. व्रताच्या आणि वृत्तीच्या रंगकार्यात अहिराणी व तावडी या बोली सहज नांदत होत्या. मंडळाचे नाटक मात्र छापील संहितेवर चालते, आणि संहिता पुण्या-मुंबईहून येते. धुळ्याचा नट रंगमंचावर चढताना घरची बोली विंगेत ठेवून जाऊ लागला. बोली आली तर गड्याच्या तोंडी, हशा पिकवण्यापुरती. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा याच बोलीत किती गंभीर विचार मावतो हे महाराष्ट्राने पाहिले. काव्याने घेतलेला हा धडा नाटकाने त्याच उत्साहाने घेतला, असे म्हणता येत नाही.

या उणिवांवर उपाय बाहेरून आणावा लागेल असे नाही. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयीन कामासाठी आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्कामाला होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी त्या दिवशी तेथे भीमस्मृती यात्रा भरते आणि भीमगीते गायली जातात. या मेळाव्यात तिन्ही नाती एकत्र आलेली दिसतात. तारीख चुकवायची नाही हा नेम व्रताचा आहे. गायकांचे कसब वृत्तीच्या परंपरेतून, जलशांतून उतरलेले आहे. मेळावा उभारणारे हात मात्र स्वेच्छेने आलेल्यांचे आहेत. तमाशा करणाऱ्या जातींना ज्या समाजाने कलेपुरते जवळ केले, त्याच समाजात येथे गाणारा स्वतःच्या मानासाठी गातो. हौशी रंगभूमीला शिकण्यासारखे उदाहरण इतक्या जवळ आहे.

या साऱ्याचा इतिहास लिहिताना मोठी अडचण साधनांची येते. धंदेवाईक मंडळीच्या मागे आत्मचरित्रे व वृत्तपत्रांतील परीक्षणे राहिली. हौशी मंडळाच्या मागे सहसा राहतात ती हस्तपत्रके, तिकिटांची अर्धुके, जमाखर्चाची एखादी वही, शिसपेन्सिलीने खुणा केलेली संहिता आणि कोपरे दुमडलेले छायाचित्र. सभासद वारला की घरची माणसे हे कागद रद्दीत घालतात. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना राजवाड्यांनी वाड्यांच्या माळ्यांवर आणि वाण्यांच्या दुकानांत पुड्या बांधण्यासाठी गेलेले कागद वाचवले. धुळे, जळगाव आणि १९९८ साली वेगळा झालेला नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील नाट्यप्रेमींच्या माळ्यांवर आज तशीच बाडे असणार. ती उतरवण्यासाठी फार विद्वत्ता नको. ओळख काढून घरात जावे, चहा घ्यावा, नाव आणि साल टिपावे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे, एवढेच करावे लागते. हे कामही सभासदाचेच आहे, आणि संशोधकाने रंगभूमीत सामील होण्याचा तो एक मार्ग आहे.