पटावरील युद्धाचें शिक्षण

युद्धविद्या ही अशी विद्या आहे कीं, तींत झालेली चूक सुधारण्याची संधि विद्यार्थ्यास क्वचितच मिळते. गायकाचा सूर चुकला तर तो पुन्हां लावतां येतो. सेनापतीची चूक मात्र सहस्रावधि माणसांच्या प्राणांनीं फेडावी लागते. म्हणून चुकण्याची मोकळीक देणारी, पण चुकीचें फळ तत्काळ डोळ्यांपुढें उभें करणारी एखादी शाळा असावी, ही कल्पना फार जुनी आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चार अंगांनीं सजलेला भारतांतील चतुरंगाचा पट हें त्या कल्पनेचेंच एक रूप होय. तोच खेळ इराण व अरब देश यांच्या वाटेनें युरोपांत पोहोंचला.

परंतु बुद्धिबळाच्या पटावर ना डोंगर, ना नदी. शत्रूचें प्रत्येक मोहरें तेथें उघड दिसतें आणि केलेला हल्ला कधींच फसत नाहीं. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न ब्रन्सविक येथील हेलविग नांवाच्या गणिताच्या अध्यापकानें १७८० सालीं केला. त्याच्या पटावर दीड हजारांहून अधिक घरें होतीं व निरनिराळ्या रंगांनीं निरनिराळी भूमि दाखविलेली होती. तरीही चौकोनी घरांचें बंधन सुटलें नव्हतें.

तें सोडविलें प्रशियांतील राइसविट्झ पितापुत्रांनीं. पित्यानें १८१२ सालीं राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम यास एक मेज नजर केलें. त्यावर उंचसखल भूमीचे ठसे मांडून हवा तो प्रदेश रचतां येत असे. पुत्र तोफखान्यांतील अधिकारी होता. त्यानें ठशांच्या जागीं नकाशा घेतला आणि १८२४ सालीं आपले नियम प्रसिद्ध केले. नकाशाचें प्रमाण एकास आठ हजार, आणि एक डाव म्हणजे रणांगणावरील दोन मिनिटें. गोळीबाराचें फळ फांसे व कोष्टकें यांवरून ठरे. दोन्ही पक्षांच्या मध्यें एक पंच बसे. खेळाडूंनीं त्याच्याकडे लेखी हुकूम पाठवावे आणि त्यानें प्रत्येकास, खऱ्या सेनापतीस दिसलें असतें, तेवढेंच दाखवावें, अशी योजना होती.

या योजनेचें मर्म असें कीं, खेळाडूला कोष्टकें पाठ करावीं लागत नसत. त्यानें केवळ सेनापतीप्रमाणें विचार करावयाचा. नियमांचें ओझें पंचानें वाहावयाचें. सेनाकार्यालयाचा प्रमुख म्यूफलिंग हा प्रयोग पाहावयास आला, तो प्रथम उदासीन होता. डाव रंगूं लागला तसतसा तो बदलत गेला, आणि शेवटीं, हा खेळ नसून युद्धाचीच तालीम आहे, अशा आशयाचे उद्गार त्यानें काढले. त्याच्या शिफारशीनें या खेळाचा सैन्यांत प्रसार झाला. पण कर्त्याच्या नशिबीं त्याचें सुख नव्हतें. टॉर्गाऊ येथें झालेली बदली त्याच्या मनाला फार लागली असें सांगतात. १८२७ सालीं त्यानें स्वतःच्या हातानें आपली जीवनयात्रा संपविली.

पुढें १८६६ सालीं ऑस्ट्रियावर आणि १८७०-७१ सालीं फ्रान्सवर प्रशियानें विजय मिळविल्यावर इतर राष्ट्रांचें लक्ष या खेळाकडे वळलें. मात्र एव्हांना कोष्टकें इतकीं वाढलीं होतीं कीं, चांगला पंच मिळणें दुर्घट झालें. म्हणून १८७६ सालीं सेनानी व्हेर्डी द्यू व्हेर्नोआ यानें कोष्टकें व फांसे बाजूस ठेवून निर्णय अनुभवी पंचाच्या विवेकावर सोंपविण्याची सूचना केली. नियम कीं विवेक, हा वाद तेव्हांपासून या विद्येच्या पाठीस लागला तो लागलाच.

विवेकाचा आश्रय घेण्यांतला धोका दुसऱ्या महायुद्धांत दिसून आला. मे १९४२ मध्यें यामाटो या युद्धनौकेवर जपानी आरमारानें मिडवेच्या मोहिमेची पटावर तालीम केली. फांशांच्या कौलानें जपानच्या विमानवाहू नौकांवर नऊ बाँब अचूक पडले. परंतु नऊ हा आंकडा मुख्य अधिकारी उगाकी यानें तीनावर आणला, आणि बुडालेली ठरविलेली एक नौकाही पुढच्या डावांत पुन्हां तरंगूं लागली, असा वृत्तांत त्याच आरमारांतील अधिकाऱ्यांनीं मागाहून लिहिला. ४ जून रोजीं प्रत्यक्ष लढाईंत अमेरिकन विमानांनीं जपानच्या चार विमानवाहू नौका निकामी केल्या. त्या पुन्हां तरंगल्या नाहींत.

त्याच वर्षीं लिव्हरपूल येथें याच्या उलट उदाहरण घडलें. कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्‌स यानें एका दालनाच्या जमिनीवर खडूनें अटलांटिक महासागर मांडला. अधिकाऱ्यांनीं पडद्याच्या फटींतून पाहावें आणि समुद्रावर दिसलें असतें, तेवढेंच पाहावें, असा तेथें दंडक होता. पट चालविणाऱ्या बहुतेक स्त्रिया आरमाराच्या महिलादलांतील तरुणी होत्या. जर्मन पाणबुड्या व्यापारी तांड्यांत मागून शिरतात, हें याच पटावर ताडलें गेलें व त्यावर उपाय शोधला गेला. स्वतः जुना पाणबुडीवाला असलेला सरसेनापति मॅक्स हॉर्टन याला जॅनेट ओकेल या तरुणीनें येथें वारंवार हरविलें. युद्ध संपेपर्यंत सुमारें पांच हजार अधिकारी या शाळेंतून शिकून गेले.

आतां ही विद्या घराघरांत आली आहे. फिलिप तिबो या फ्रेंच गृहस्थानें १९९३ सालीं पटावर मांडलेला ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ हा खेळ स्टॉकहोम येथील मंडळीनें २००० सालीं संगणकावर आणला. २०१३ सालच्या चौथ्या आवृत्तींत १४४४ पासून १८२१ पर्यंतचा काळ येतो, व त्यांत मराठ्यांचें राज्यही उभारतां येतें. कर, व्यापार, धर्म, तह, बंडें यांचीं असंख्य कोष्टकें येथें यंत्र सांभाळतें. हा पंच कोणाच्या हुद्द्याला भीत नाहीं, ही त्याची थोरवी. पण तीं कोष्टकें माणसांनींच रचलेलीं आहेत, आणि दुष्काळाची झळ त्यांत एका आंकड्यांत मावते, ही त्याची मर्यादा.

म्हणून नवशिक्यानें प्रथम लहान राज्य घ्यावें, हरावें, आणि कां हरलों याचा शोध घ्यावा. जिंकलेल्या डावापेक्षां हरलेला डाव अधिक शिकवितो. मात्र फांशानें सांगितलेले नऊ मुकाट्यानें नऊच मोजण्याची तयारी पाहिजे.