अप्रतिरूप चित्रकलेची पूर्वपीठिका

बाह्य सृष्टीतील वस्तूंचे प्रतिरूपण न करता रंग, रेषा व आकार यांच्या परस्परसंबंधांतूनच सिद्ध होणारी चित्रकला म्हणजे अप्रतिरूप चित्रकला. यूरोपात ती १९१० ते १९१५ या काळात अवतरली, असे सर्वसाधारणपणे मानतात. तथापि चित्रातील वस्तूचे स्थान गौण होत जाण्याची प्रक्रिया त्यापूर्वी सु. चाळीस वर्षे चालू होती.

छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाल्यावर हुबेहूब चित्रण ही चित्रकाराची मिरास उरली नाही, हे कारण नेहमी पुढे केले जाते. ते खरे असले, तरी पुरेसे नाही. चित्राचे मूल्य त्याच्या विषयावर अवलंबून असते, ही समजूतच आधी ढासळावी लागली. लंडनमध्ये हा वाद थेट न्यायालयात गेला. जेम्स व्हिस्लरने रात्रीच्या आतषबाजीचे एक चित्र रंगवून त्यास ‘नॉक्टर्न’ ही संगीतातील संज्ञा दिली होती. जॉन रस्किनने १८७७ मध्ये त्यावर जहरी टीका केली, तेव्हा व्हिस्लरने अब्रुनुकसानीचा दावा लावला व आपले चित्र स्थळाचे वर्णन नसून कलात्मक रचना आहे, अशी भूमिका मांडली. १८७८ मध्ये तो दावा जिंकला; भरपाई मात्र एक फार्दिंग मिळाली व पुढील वर्षी त्याचे दिवाळे निघाले.

दृक्‌प्रत्ययवाद्यांचे पहिले प्रदर्शन पॅरिसमध्ये १८७४ साली भरले. वस्तूपेक्षा तिच्यावरील प्रकाश रंगविणे हे त्यांचे ध्येय असल्याने वस्तूची बाह्यरेषा विरघळू लागली. क्लोद मॉनेच्या गवताच्या गंजींच्या मालिकेतील एक चित्र व्हस्यील्यई कँडिन्स्कीने १८९६ च्या सुमारास मॉस्कोत पाहिले. ते कशाचे आहे, हे त्यास सूची वाचून कळले. तरीही चित्राने त्याच्यावर पकड घेतली होती. मॉने मात्र आपण निसर्गच रंगवीत आहोत, असे अखेरपर्यंत मानत होता.

पॉल गोगँने सपाट, निसर्गाशी न जुळणारे रंग योजले आणि मॉरिस दनीने १८९० मध्ये, चित्र हे कोणत्याही विषयापूर्वी विशिष्ट क्रमाने रंग भरलेला सपाट पृष्ठभाग असते, असे प्रतिपादन केले. रंगभारवाद्यांनी (१९०५) रंगाची ही मुक्ती टोकाला नेली. घडणीची बाजू पॉल सेझानकडून आली. निसर्गाकडे वृत्तचिती, गोल व शंकू यांच्या द्वारे पहावे, असे त्याने १९०४ मधील एका पत्रात लिहिले. त्याच्या मृत्यूनंतर १९०७ मध्ये पॅरिसला भरलेले प्रदर्शन तरुण चित्रकारांना निर्णायक ठरले. पाब्लो पिकासो व झॉर्झ ब्राक यांनी घनवादात वस्तूचे तुकडे करून ती अनेक कोनांतून एकाच वेळी मांडली. १९११ च्या सुमाराची त्यांची चित्रे अप्रतिरूपतेच्या उंबरठ्यावर आहेत. पण तो त्यांनी ओलांडला नाही. अक्षरे, वाद्याच्या तारा अशा खुणा ठेवून ते वस्तूला धरूनच राहिले.

उंबरठा ओलांडला तो इतरांनी. पीट माँद्रियानने पॅरिसमध्ये घनवाद आत्मसात करून वृक्षाच्या चित्रांतून फांद्यांऐवजी आडव्या-उभ्या रेषांची जाळी उरविली. फ्रांट्यिशेक कुप्काने १९१२ मध्ये, तर घनवाद व नवकालवाद यांच्या संगमातून आलेल्या काझीमीर मलेव्ह्यिचने १९१५ मध्ये पेत्रोग्राद येथे ‘काळा चौरस’ प्रदर्शित केला त्या वेळी, वस्तूशी संबंध तोडला. कँडिन्स्कीच्या एका जलरंगचित्रावर १९१० हे वर्ष आहे. पण ते १९१३ चे असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत असल्याने ‘पहिले अप्रतिरूप चित्र’ हा मान वादग्रस्तच आहे.

शिवाय ही परंपरा एकमार्गी नव्हती. स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंटने १९०६ पासूनच गूढवादी प्रेरणेने, घनवादाचा आधार न घेता, अप्रतिरूप चित्रे रंगविली. १९४४ मध्ये ती मरण पावली. १९८६ मध्ये लॉस अँजेल्सच्या प्रदर्शनात ती चित्रे मांडली जाईपर्यंत कलेतिहासात त्यांची दखल जवळजवळ नव्हती.