गणेशखिंडीतील समांतर गणना

केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली, तेव्हापासून आकडेमोडीच्या बळावर अदृष्टाचा ठाव घेण्याची विद्या मराठीत रुजली आणि पुण्याने तिचा आस्थेने सांभाळ केला. परंतु त्याच विद्येचा एक मोठा अध्याय पुण्यात घडला तो परकीयांच्या नकारामुळे.

१९८०च्या दशकात भारताने अमेरिकेकडे क्रे महासंगणकाची मागणी केली, तेव्हा परवाना देणाऱ्या सरकारी दप्तरांत असा आक्षेप निघाला, की हे यंत्र अण्वस्त्रांच्या व क्षेपणास्त्रांच्या आराखड्यांना जुंपले जाईल. दिल्लीतील हवामान केंद्रास एक यंत्र अनेक अटींवर मिळाले. बंगळूरच्या विज्ञान संस्थेस हवे असलेले अधिक समर्थ यंत्र मात्र मिळाले नाही. हा संशय अगदीच निर्मूळ होता, असे मला म्हणवत नाही. उलाम आणि फॉन नॉयमान यांनी लॉस अलामॉसच्या अण्वस्त्रकार्यातच माँटे कार्लो पद्धतीचा पाया घातला, आणि तीच पद्धत अणुभट्टीच्या व किरणोत्सर्गरोधक भिंतीच्या रचनेसही उपयोगी पडते. तीत एकेक काल्पनिक न्यूट्रॉन सोडावयाचा. तो किती अंतरावर अणुकेंद्रकास धडकेल, धडकल्यावर वळेल, शोषला जाईल की विखंडन घडवील, याचा निवाडा प्रत्येक वेळी यदृच्छ संख्येने करावयाचा. आणि अशा लक्षावधी चरित्रांच्या सरासरीवरून भट्टीचे वर्तन जाणावयाचे.

या नकारानंतर १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात, गणेशखिंडीस, प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक उभे राहिले आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. एकच अतिवेगवान यंत्र घडविण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. इन्मॉस कंपनीचे टी-८०० ट्रान्सप्यूटर हे प्रक्रियक, ज्यांतील प्रत्येकास शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे होते, एकत्र जोडून त्यांनी काम वाटून दिले. या वाटणीचे मर्म मला विशेष मोलाचे वाटते: एकाच पिढीतील न्यूट्रॉनांची वाटचाल परस्परांवर अवलंबून नसल्याने, ज्या गणनेच्या भयाने दार बंद झाले, तीच अशा समांतर यंत्रावर सर्वांत सुलभपणे विभागता येते.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञही पुण्याच्या यंत्राची वाट पाहत बसले नव्हते. त्याच सुमारास, मोजक्याच प्रक्रियकांपासून आरंभ करून, त्यांनी ‘अनुपम’ हा स्वतःचा समांतर संगणक उभारला आणि न्यूट्रॉनांचा हिशेब घरच्या घरी मांडला.