ॲलन, फ्लॉरेन्स एलिनवुड

(23 मार्च 1884 – 12 सप्टेंबर 1966). अमेरिकन न्यायाधीश. ओहायो राज्यातील कायाहोगा काउंटीच्या कॉमन प्लीज न्यायालयावर 1920 साली त्या मतदानाने निवडून आल्या. या काउंटीचे मुख्य शहर क्लीव्हलंड. कॉमन प्लीज हे आपल्या जिल्हा व सत्र न्यायालयाच्या जवळचे न्यायालय : साक्षीपुरावा इथेच नोंदला जातो आणि दिवाणी दाव्यांपासून खुनाच्या खटल्यांपर्यंत सगळे पहिल्यांदा इथेच उभे राहते. अशा न्यायालयावर लोकांनी निवडून दिलेल्या त्या अमेरिकेतील पहिल्या स्त्री होत.

महाराष्ट्रात कनिष्ठ न्यायालयातला न्यायाधीश लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतो. न्यायदानासाठी मते मागायची ही कल्पना आपल्याला सहज पचत नाही. ओहायोत 1851 च्या राज्यघटनेने न्यायाधीशांची निवड विधिमंडळाकडून काढून मतदारांच्या हाती दिली. पुढे मतपत्रिकेवर न्यायाधीशपदाच्या उमेदवारापुढे पक्षाचे नाव छापणेही बंद झाले. निवडून येणाऱ्या न्यायाधीशावर लोकमताचे दडपण राहते, हा आक्षेप खराच आहे. पण ॲलन यांच्या बाबतीत मतपेटीने जे दार उघडले ते दुसऱ्या कोणी उघडले असते असे वाटत नाही.

जन्म युटामधील सॉल्ट लेक सिटीचा. वडील क्लॅरन्स ॲलन युटा राज्याचे पहिले काँग्रेस-सदस्य. क्लीव्हलंडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या महिला महाविद्यालयातून 1904 मध्ये पदवी घेऊन फ्लॉरेन्स पियानो शिकायला बर्लिनला गेल्या. मज्जातंतूंच्या दुखापतीमुळे वादनाचा मार्ग खुंटला. परतल्यावर त्यांनी क्लीव्हलंडच्या ‘प्लेन डीलर’ वृत्तपत्रात संगीतसमीक्षा लिहिली, शाळेत शिकवले आणि राज्यशास्त्रात एम. ए. केले. कायद्याकडे वळायचे ठरले तेव्हा ज्या विद्यापीठाच्या दोन पदव्या हाती होत्या त्याच्याच विधी महाविद्यालयात स्त्रियांना प्रवेश नव्हता. शिकागोत एक वर्ष काढून त्यांनी 1913 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळवली. 1914 मध्ये ओहायोत वकिलीची सनद घेतली.

स्त्री-मताधिकाराच्या चळवळीत त्या आधीपासूनच होत्या. ओहायोत 1912 आणि 1914 अशा दोन्ही वेळा पुरुष मतदारांनी हा प्रश्न फेटाळला. मग ईस्ट क्लीव्हलंड या लहानशा शहराने आपल्या सनदेत बदल करून नगरपालिकेपुरता बायकांना मताचा हक्क दिला आणि त्याला आव्हान मिळाले. ॲलन यांनी ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयात शहराची बाजू मांडली व 1917 मध्ये तो हक्क टिकवला. 1919 मध्ये त्या कायाहोगा काउंटीच्या सहायक सरकारी वकील झाल्या.

देशभर स्त्रियांना मताधिकार देणारी एकोणिसावी घटनादुरुस्ती 26 ऑगस्ट 1920 रोजी जाहीर झाली. ॲलन यांनी न्यायाधीशपदासाठी उभे राहायचे ठरवले, पण मतदान होते 2 नोव्हेंबरला, म्हणजे दहा आठवडेही हातात नव्हते. पक्षांतर्गत उमेदवारनिवडीची वेळ निघून गेली होती. उरला होता मतदारांच्या सह्यांनिशी अर्ज भरण्याचा मार्ग. चळवळीतल्या जुन्या सहकारी बाहेर पडल्या आणि त्यांनी दोन दिवसांत लागतील तेवढ्या सह्या आणून दिल्या. चळवळीत वर्षानुवर्षे दारोदार फिरून झालेली ओळखपाळख इथे कामी आली. वृत्तपत्रांनीही पाठिंबा दिला. ज्या निवडणुकीत ओहायोच्या स्त्रियांनी पहिल्यांदा राष्ट्राध्यक्षासाठी मत दिले, त्याच निवडणुकीत ॲलन न्यायाधीश झाल्या.

न्यायालयात आल्या तेव्हा सहकारी न्यायाधीशांनी सुचवले की घटस्फोटाची प्रकरणे वेगळी काढून सगळी त्यांच्याकडे द्यावीत. सूचना वरवर सन्मानाची, पण मान्य केली असती तर त्यांची कारकीर्द त्या एका कोपऱ्यात मिटली असती. आपण अविवाहित आहोत, या विषयाचा अनुभव तुम्हा संसारी लोकांना अधिक, असे सांगून त्यांनी नकार दिला आणि इतर न्यायाधीशांसारखेच सर्व तऱ्हेचे काम घेतले. त्यात फौजदारी खटले आले. 1921 मध्ये कामगारांचा पगार लुटताना झालेल्या दुहेरी खुनाच्या खटल्यात त्यांनी फ्रँक मोटो याला मृत्युदंड सुनावला. त्याच वर्षी क्लीव्हलंडच्या नगर न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले विल्यम मॅकगॅनन यांच्यावरचा खोट्या साक्षीचा खटला त्यांच्यापुढे चालला. मॅकगॅनन दोषी ठरले आणि काल-परवापर्यंत त्याच शहरात निवाडे देणाऱ्या माणसाला ॲलन यांनी तुरुंगवासाची शिक्षा दिली. बाई कठोर निर्णय घेऊ शकेल का, ही त्या काळी उघडपणे बोलली जाणारी शंका यानंतर क्लीव्हलंडात कोणी घ्यावी, असे काही उरले नव्हते.

1922 मध्ये ‘फ्लॉरेन्स ॲलन क्लब’ स्थापून स्त्रियांनी पुन्हा प्रचार केला आणि पक्षाच्या आधाराविना त्या ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून गेल्या. 1928 मध्ये फेरनिवड झाली. (स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा भारतात 1923 मध्ये झाला. नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा 1892 मध्येच दिली होती, तरी सनदेसाठी त्यांना जवळपास तीन दशके थांबावे लागले.) न्यायासनासाठी तीन वेळा कौल देणाऱ्या मतदारांनी ॲलन यांना राजकारणात मात्र पाठवले नाही : 1926 मध्ये सेनेटची पक्षीय उमेदवारी आणि 1932 मध्ये काँग्रेसची निवडणूक त्या हरल्या.

1934 मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यांना सहाव्या मंडळाच्या संघराज्यीय अपील न्यायालयावर नेमले. त्या पायरीवरही त्या पहिल्याच स्त्री. 18 खासगी वीजकंपन्यांनी टेनेसी खोरे प्राधिकरण या सरकारी संस्थेविरुद्ध भरलेल्या दाव्यात त्यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायाधीशांच्या पीठाने 1938 मध्ये प्राधिकरणाच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. 1958 मध्ये त्या या न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या आणि 1959 मध्ये निवृत्त. ‘टू डू जस्टली’ हे आत्मचरित्र 1965 मध्ये आले.

नेमणुकीने भरल्या जाणाऱ्या संघराज्यीय जिल्हा न्यायालयांत पहिली स्त्री, बर्निटा शेल्टन मॅथ्यूज, 1949 मध्ये आली. कायाहोगाच्या मतदारांनी ते पाऊल उचलून 29 वर्षे झाली होती. अपील न्यायालयांत दुसरी स्त्री न्यायाधीश नेमली गेली 1968 मध्ये. ॲलन यांच्या मृत्यूला तेव्हा दोन वर्षे झाली होती.