घोटणं आणि मिसळणं : सरावाच्या वेळापत्रकाचा मागोवा

सोनगीरसारख्या खानदेशी गावात कुस्ती दिसते जत्रेच्या फडात. घडते मात्र पहाटेच्या मेहनतीत. त्या मेहनतीच्या क्रमाचा माग काढत गेलं की बारावं शतक लागतं. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या आहाराबरोबर त्यांचा व्यायामही आला आहे, मल्लस्तंभावरच्या कसरतींसह.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. वणीच्या सप्तशृंगीवर त्यांना ही विद्या गवसली, असं परंपरा सांगते. खांबामुळे पकड, सुटका, तोल असं कुस्तीचं एकेक अंग जोडीदाराविना घोटता येऊ लागलं. पण तालीम खांबापाशी थांबत नसे. जोर-बैठका, मग डाव, मग लढत. आणि जाणता वस्ताद आज हलकी जोड देई, उद्या भारी.

विसाव्या शतकात व्यायाम आखाड्यातून शाळेच्या पटांगणात आला. बडोद्याच्या प्रा. माणिकरावांनी सांघिक व्यायाम रुजवला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (स्थापना १९१४) १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ जगाला दाखवले. एका शिक्षकापुढे शंभर मुलं असताना कवायत हाच मार्ग होता आणि तिने असंख्य मुलांना व्यायाम दिला. मात्र ‘सगळ्यांनी एकच हालचाल पुन्हा पुन्हा’ हीच सरावाची व्याख्या होऊन बसली. वस्तादाची बदलती जोड मागे पडली.

अशा बदलत्या सरावाचं मोल पुढे प्रयोगांनी दाखवलं. १९७८ मध्ये कर आणि बूथ या संशोधकांनी लहान मुलांना लक्ष्यावर छोट्या पिशव्या फेकायला लावल्या. तीन फुटांवरच्या चाचणीत, दोन आणि चार फुटांवरून सराव केलेली आठ वर्षांची मुलं केवळ तीन फुटांवरूनच सराव केलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन यांना आढळलं, की हालचाली मिसळून केलेला सराव त्या वेळी अडखळता दिसतो, पण शिकलेलं अधिक टिकतं.

म्हणून शाळेतल्या खो-खोच्या तासालाही नवख्याला खो देणं आधी घोटू द्यावं. हात बसला की पाठलाग, खांबाजवळचं वळण आणि सूर यांची क्रमवारी मोडावी, पळणारा गडी बदलत राहावा. मुलं चुकतील, तास विस्कळीत वाटेल. त्यामुळे शिक्षकाने खचू नये. सरावाची परीक्षा त्या संध्याकाळी होत नाही. आठवड्याने, अनोळखी प्रतिस्पर्ध्यासमोर होते.